ताबा

भाऊ आमच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात जायचं, हे बेलिफाचं काम. समन्स, नोटिसा वगैरे इतर बेलिफही वाटायचे, पण ताबा द्यायचा असला, म्हणजे एकाला घराबाहेर काढून ते घर दुसऱ्याच्या हवाली करायचं असलं, की न्यायाधीशसाहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, "भाऊंना पाठवा." मी त्याच कोर्टात स्टेनो. साहेब बोलायचे, मी उतरवून घेऊन टाइप करायचे, साहेब सही ठोकायचे आणि तो कागद खाकी पिशवीत घालून भाऊ निघायचे. माझं वाक्य संपायचं तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं.

हे काम ते फार सभ्यपणे करायचे. दार वाजवून जरा बाजूला उभे राहायचे, म्हणजे उघडणाऱ्याला एकदम अंगावर आल्यासारखं वाटू नये. हुकूम सगळा वाचून दाखवायचे. घरात म्हातारं माणूस असलं तर त्याची खुर्ची सगळ्यात शेवटी बाहेर काढायची, मूल झोपलेलं असलं तर ती खोली शेवटी. मग कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाखेचा शिक्का. लोक शिव्या द्यायचे. एकदा वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. भाऊ तसेच ओलेते कोर्टात आले आणि कॉलर पिळत मला म्हणाले, "बाई, पोस्टमनवर कुणी चिडतं का हो? पत्र मी थोडंच लिहिलेलं असतं?"

मला हसू आलं. पत्र मी टाइप केलेलं होतं.

असं चाललं होतं, आणि मग देशाला नवं संविधान मिळालं. रस्त्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आमच्याकडे सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आला, निळ्या पुठ्ठ्याची छोटी छोटी पुस्तकं, प्रत्येकाला एकेक. साहेबांनी सगळ्यांना मोठ्या दालनात उभं करून नवी शपथ दिली. जुन्या शपथेत आम्ही 'प्रचलित कायद्यांशी' एकनिष्ठ राहणार होतो, नव्या शपथेत 'संविधानाशी'. शपथेचा कागद मीच टाइप केला होता, म्हणून तेवढा फरक माझ्या लक्षात होता. बाकी कुणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही. सगळ्यांचं लक्ष नंतरच्या चहाकडे होतं.

त्यानंतर कागदांच्या माथ्यावरचं चिन्ह बदललं. शिक्के बदलले. कागदातला मजकूर मात्र तोच राहिला. माझं निळं पुस्तक कार्बन पेपरच्या खाली गेलं, हेडक्लार्कचं डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली. भाऊंनी आपलं घरी नेलं. मी एकदा विचारलं, "वाचलंत का?" तर म्हणाले, "दोनदा उघडलं. दोन्ही वेळा छान झोप लागली."

त्यांची झोप उडाली ती मशीनवालीमुळे.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक काका टाइपरायटर दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक पडदा. आमची सगळी मशीनं त्यांच्याकडे जायची. त्यांची बायको लवकर गेलेली, मुलगी एकच. शाळा संपली तशी ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर येऊन बसली ती बसलीच. शेवटी शेवटी काकांचे हात थरथरायचे, मग स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात आणि सल्ला काकांच्या तोंडात, असा कारभार होता. आम्ही तिला मशीनवाली म्हणायचो. बोलायला फटकळ, पण तिने जुळवलेलं मशीन पुन्हा लवकर रुसायचं नाही.

संविधान आल्यावर काही महिन्यांनी काका वारले आणि लांबच्या गावाहून त्यांचा पुतण्या आला. आमच्याकडचा वारशाचा कायदा फार जुना. मुलगा नसला की घर कुटुंबातल्या सगळ्यात जवळच्या पुरुषाकडे जायचं. मुलीला त्याने सांभाळावं, अशी कायद्याची अपेक्षा, पण ती अपेक्षाच. पुतण्याने दावा लावला. मशीनवाली वकिलाशिवायच आली, नखांत तेलाचा काळा मळ तसाच. साहेबांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"मी त्यांची मुलगी आहे," ती म्हणाली.

"ते कुणी नाकारत नाहीये. पण तो इथे मुद्दा नाही."

"मग मुद्दा काय आहे?"

साहेबांनी मला पुढचं सांगायला सुरुवात केली. कलम अमुक, पोटकलम तमुक, सबब दावा मंजूर. मी टाइप केलं. निळं पुस्तक येऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि ते त्या दालनातल्या एकाही माणसाला आठवलं नाही. मलाही नाही.

महिन्याभराने ताब्याचं वॉरंट निघालं आणि भाऊ गेले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा, दर वेळी कुठेतरी मधेच थांबून.

पुतण्या सामानाचा टेम्पो घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. बायको, दोन मुलं, एका खोलीत राहणारा. त्याने आधीच सांगून टाकलं, "ताई, तू मागच्या खोलीत राहा ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

"माझ्याच घरात मला राहू देणारा तू कोण रे?" मशीनवाली म्हणाली. तिच्यासमोर एक मशीन पोट उघडून पडलं होतं. तिने भाऊंकडे बघितलं. "हे तुमच्याच कोर्टाचं आहे. आधी हे होऊ दे. नाहीतर मला बाहेर काढल्याचा अहवाल कशावर टाइप करणार?"

पंच म्हणून आणलेले दोघं शेजारी हसले. भाऊही हसले आणि पिशवीतून वॉरंट काढून वाचू लागले. नेहमीसारखं, शांत आवाजात. वाचता वाचता ते त्या ओळीपाशी आले, 'मयताचा सर्वांत जवळचा पुरुष वारस या नात्याने', आणि अडखळले. खाकरले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. ही ओळ त्यांनी नोकरीत किती दारांत वाचली असेल त्याला गणतीच नव्हती.

त्याच वेळी मशीनवालीने स्टुलाखालून एक कापडी पिशवी ओढली आणि हत्यारं त्यात भरायला लागली. एकेक पुसून. ती भांडली नाही, रडली नाही. पिशवीचा बंद आवळला आणि उभी राहिली. भाऊ मला म्हणाले, "बाई, अशीच उभी होती हो. हुबेहूब."

"कोण?" मी विचारलं.

"आमची ताई."

त्या दिवशी भाऊंनी ताबा दिला नाही. पुतण्याला म्हणाले, "आज व्हायचं नाही. मला बरं वाटत नाहीये." पंचांच्या सह्या न घेताच ते निघाले, आणि टेम्पोवाला त्यांच्या नावाने ओरडत राहिला.

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने लग्नाचं एक आलेलं स्थळ परतवलं, मग दुसरं, मग स्थळं यायचीच थांबली. आई गेली, पाठोपाठ वडील गेले. घर भाऊंच्या नावावर झालं, त्याच कायद्याने, त्याच ओळीने. भाऊंचं नुकतंच लग्न झालेलं. ताईला कुणी जा म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. एक दिवस ती पिशवी घेऊन खाली उतरली, म्हणाली, "हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी मिळाली आहे, तिथेच जवळ खोली बघितली आहे." भाऊ जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "पोचलीस की कळव."

ताई वर्षातून तीन-चारदा यायची, भाच्यांना काहीबाही आणायची, चहा घ्यायची, निघायची. भांडण नव्हतं. भाऊ म्हणायचे, "आमच्यात सगळं व्यवस्थित आहे." ते खरंच तसं समजत होते.

आता त्यांचं कशात लक्ष लागेना. कोर्टाच्या लांब व्हरांड्यात ते येरझाऱ्या घालायचे. पट्टेवाला म्हणाला, "भाऊ, फरशी झिजेल." घरी वहिनी हैराण. बसले की उठायचे, उठले की दारापर्यंत जाऊन यायचे, कडी लावलेली असली तरी पुन्हा लावून बघायचे. वहिनींनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं. "फिरतातच तर आहेत!" वहिनी म्हणाल्या.

एका दुपारी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, आपण शपथ नक्की कशाची घेतली?"

"संविधानाची."

"आणि आधी?"

"आधी कायद्यांची."

"मग आता कायदा एक सांगतो आणि संविधान दुसरंच सांगत असेल, तर मी कुणाचा नोकर?"

मी म्हटलं, "साहेबांना विचारा." दुसरं काय म्हणणार?

त्यांनी खरंच विचारलं. मी चेंबरमध्ये वही घेऊन बसलेलीच होते. आमचे साहेब निष्ठुर नव्हते. त्यांनी भाऊंना बसायला सांगितलं. भाऊ बसले नाहीत.

"हे बघा भाऊ," साहेब म्हणाले, "संविधानात स्त्री-पुरुष समान आहेत, मान्य. पण वारशाचा कायदा कुणी रद्द केलाय का? संसदेने? नाही. वरच्या कोर्टाने? नाही. मग मी काय करू? खालच्या कोर्टात बसून स्वतःच्या मनाने कायदे फाडत सुटू? आज मी फाडेन, उद्या शेजारचा न्यायाधीश त्याला न आवडणारा फाडेल. देश असा चालतो का?"

"नाही साहेब."

"मग?"

"साहेब, मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण सगळेच वरच्याची वाट बघत बसले, तर वरच्याला कळणार कसं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते एकदम चिडले. "तुम्ही बेलिफ आहात. शुक्रवारपर्यंत बजावणी झाली पाहिजे."

शुक्रवारी भाऊ गल्लीत गेलेच नाहीत. सकाळपासून वॉरंट पुढ्यात घेऊन रेकॉर्डरूमच्या कोपऱ्यात बसले होते, उठत होते, बसत होते. संध्याकाळी त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बजावणी केली नाही. हा हुकूम संविधानाच्या समानतेच्या कलमात बसतो की नाही, याची मला शंका आहे. कोर्टाने सांगावे.' आणि खाली कलमाचा नंबर.

साहेबांनी वाचलं, निळं पुस्तक मागवलं. कपाटाखालचं काढावं लागलं, त्यामुळे कपाट कलंडून दोन फायली खाली आल्या. साहेबांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"भाऊ, तुम्ही लिहिलेलं हे कलम राष्ट्रध्वजाचे रंग कोणते असावेत, याबद्दल आहे."

हेडक्लार्क फिदीफिदी हसला. मीही हसू दाबलं. भाऊ लाल झाले. "नंबर चुकला असेल साहेब. शंका तीच आहे."

पुढच्याच आठवड्यात ते निलंबित झाले. शेजारच्या कोर्टाचा बेलिफ आला आणि त्याने दुपारच्या आत मशीनवालीला बाहेर काढलं. म्हणजे भाऊंनी एवढं करून काय मिळवलं, तर काहीच नाही, असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं. वहिनी मला भेटायला आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, समजवा ना त्यांना. दुसऱ्याच्या पोरीसाठी स्वतःचं घर पणाला लावतात का?"

मशीनवाली मात्र कुठे गेली नाही. कोर्टाच्या फाटकाबाहेर अर्ज टाइप करून देणारे बसतात, त्यांच्या रांगेत तिने टेबल टाकलं. वर ताडपत्री, बाजूला हत्यारांची पिशवी. रात्री एका मैत्रिणीकडे झोपायची. आम्ही येता-जाता तिला बघायचो, आणि साहेबांची गाडी फाटकातून आत येताना दर वेळी जरा जोरात यायची. रांगेतल्या एका टायपिस्टाने वॉरंटची नक्कल तिच्यासाठी मागवली होती. ती नक्कल एका तरुण वकिलाच्या हातात पडली, जो गरिबांच्या केसेस मोफत चालवायचा. त्याने मागची बाजू वाचली. तो म्हणाला, "तुमच्या केसमध्ये ही शंका रेकॉर्डवर आहे. कोर्टाच्या स्वतःच्या माणसाने लिहिलेली. साहेबांनी तिला उत्तर दिलेलं नाही. माझ्यासाठी एवढं पुरे."

तो वरच्या कोर्टात गेला.

पुढचे महिने भाऊंना फार जड गेले. पिशवी नाही, हुकूम नाही, जायला कुठली दारं नाहीत. ते गावभर चालायचे. मला बाजारात भेटायचे, पुलावर भेटायचे, एकदा तर माझ्याच गल्लीत भेटले आणि स्वतःच दचकले. मी विचारायचे, "कसे आहात?" ते म्हणायचे, "जिथून मी लोकांना बाहेर काढलं ती घरं बघत फिरतो. काही पाडली. एकात दवाखाना आहे. एका दारात बाई कपडे वाळत घालत होती, तिने विचारलं, कोण पाहिजे? मला सांगता येईना."

मी म्हटलं, "ताईंकडे गेलात का?"

ते चालायला लागले.

वरच्या कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी भाऊ तिथे मागच्या बाकावर होते. निकालाची प्रत आमच्याकडे फायलीला लावायला आली, तेव्हा मी ती उभ्या उभ्या वाचली. त्यात लिहिलं होतं की संविधान हे कायद्यांच्या कपाटात ठेवायचं आणखी एक पुस्तक समजू नये. ज्या जमिनीवर ते कपाट उभं आहे ती जमीनच आता वेगळी आहे. जुना कायदा अजून छापलेला आहे, एवढ्याने तो अजून योग्य आहे असं होत नाही. सगळ्यात खालच्या कोर्टानेही तो नव्या मूल्यांच्या उजेडात वाचायचा आहे, वाचता येत नसेल तर तसं वर कळवायचं आहे. वारशाच्या कायद्यातला 'पुरुष' हा शब्द संविधान लागू झाल्या दिवसापासून रद्द. मशीनवालीला घर परत. आणि शेवटी, जे वारसे संविधानाच्या आधीच ठरून गेले आहेत, त्यांना या निकालाने धक्का लागणार नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "निलंबन मागे घेतल्याचा आदेश घ्या उतरवून." आदेश झाल्यावर म्हणाले, "आणि त्या बाईंना मी 'तो मुद्दा नाही' असं म्हटलं होतं, ते तुम्ही रेकॉर्डमध्ये घातलं होतं का?"

"हो साहेब."

"हं," साहेब म्हणाले, आणि निकालाची प्रत पुन्हा जवळ ओढली.

भाऊ कामावर परत आले त्या सकाळी पहिलं वॉरंट तेच. आता पुतण्याला बाहेर काढायचं होतं. तुम्हाला वाटेल की भाऊंची छाती फुगली असेल. तसं काही झालं नाही. पुतण्याची बायको दारात बसली होती, धाकटं मूल मांडीवर. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं घर आमचं आहे, तुम्हीच सांगता नाही. आम्ही जायचं कुठे?" त्यांनी सगळा हुकूम वाचला, या वेळी न अडखळता, आणि मग सामान बाहेर काढायला स्वतः हात लावला, जे बेलिफ कधी करत नाहीत. मशीनवाली समोरच्या फुटपाथवर उभी होती. शेवटचं कपाट निघाल्यावर ती आली आणि पुतण्याच्या बायकोला म्हणाली, "मुलांची परीक्षा होईपर्यंत मागची खोली वापरा. पण भाडेकरू म्हणून नाही, पाहुणे म्हणून. आणि पाहुण्यांनी माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही."

संध्याकाळी भाऊंनी घरी जाऊन वहिनींना निकाल समजावून सांगितला. वहिनींनी नेमकं शेवटचं वाक्य पकडलं. "म्हणजे आपल्याला काही धोका नाही ना? जुन्या वारशांना धक्का नाही?"

"नाही."

"सुटले बाई एकदाची!" त्या म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी गाणं गुणगुणत स्वयंपाकाला लागल्या.

भाऊ मला म्हणाले, "बाई, त्या वाक्याने तर मी पार ढवळून निघालो. कोर्ट म्हणतं तुझं घर तुझंच. आता जबरदस्ती कुणाचीच नाही. आता जे काय करायचं ते माझं मीच."

ते लाँड्रीत गेले. मोठं, वाफेने भरलेलं दालन, चादरींचे ढीग, इस्त्रीच्या लांब टेबलांमागे बायका, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी ताई. केस पार पांढरे, बाह्या वर सरकवलेल्या. भाऊंना बघून तिने एका बाईला काम सोपवलं आणि त्यांना चादरींच्या मांडण्यांमागे नेलं.

"कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. ताई, घराबद्दल बोलायचं होतं."

"वाचलं मी पेपरात. तुझं नाव नव्हतं, पण कळलं." तिने हातातली चादर घडी करायला घेतली. "जुन्यांना लागू नाही ना तो निकाल?"

"नाही."

"मग का आलास?"

भाऊंनी वाक्य पाठ करून नेलं होतं, ते ऐन वेळी विसरले. म्हणाले, "अर्धं घर तुझं आहे."

ताई घडी करत राहिली. भाऊंनी मला नंतर खरं ते सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती डोळे पुसेल, म्हणेल, नको रे, तू म्हणालास यातच सगळं आलं. मग दोघं रडतील आणि ते हलके होऊन घरी जातील.

ताई म्हणाली, "हो. हवंय मला."

"काय?"

"अर्धं घर. वरचा मजला. कागद करून, शिक्का मारून, माझ्या नावावर. मी नको म्हणेन असं वाटलं होतं ना तुला?"

भाऊंनी मान खाली घातली.

"आईचं सगळं मी केलं. बाबांचं सगळं मी केलं. तू लग्न करून आलास, आणि मी पाहुणी झाले. तू म्हणालास, पोचलीस की कळव. इतकी वर्षं मी विचार करते, त्याने 'कुठे चाललीस?' असं का नाही विचारलं? तेवढं विचारलं असतंस, तर कदाचित आज मी नको म्हटलं असतं."

"तेव्हा मला वाटलं, कायद्याने माझंच आहे, मग विचारायचं काय?"

"तेच तर," ताई म्हणाली. "कायदा होता म्हणून तुला विचारावंच लागलं नाही."

घरी भूकंप झाला. वहिनी माहेरी जाऊन बसल्या. मोठा मुलगा म्हणाला, "बाबा, कोर्टसुद्धा मागत नाहीये आणि तुम्ही कशाला वाटत सुटलात?" भाऊंनी कुणाशी वाद घातला नाही, पण वळलेही नाहीत. कागद झाला. टाइप मी केला. जन्मात पहिल्यांदा मला एखादा कागद टाइप करताना हात थांबवून पुन्हा वाचावासा वाटला. वहिनी पंधरा दिवसांनी परतल्या, पण महिनाभर भाऊंशी फक्त मुलांमार्फत बोलायच्या.

आणि ताई राहायला आल्या. लोक म्हणतात तसं सगळं गोड झालं का? छे! ताईंना पहाटे उठायची सवय, वहिनींना पहाटे डोळा लागायचा. ताई वर चालल्या की खाली धप धप वाजायचं. पाण्याच्या टाकीवरून खटके, जिन्यातल्या चपलांवरून खटके. वहिनी म्हणायच्या, "आली की नाही सत्ता गाजवायला?" ताई म्हणायच्या, "गाजवते. अर्धी माझी आहे." पण वहिनींचा गुडघा दुखावला तेव्हा हॉस्पिटलातल्या ओळखीने ताईंनीच सगळं केलं, आणि त्या काळातही दोघी भांडल्याच, फक्त एका खोलीत बसून.

भाऊंची बेचैनी गेली असं मला म्हणवत नाही. येरझाऱ्या चालूच होत्या. पूर्वी कागद पिशवीत टाकून सरळ निघणारा माणूस आता प्रत्येक वॉरंट माझ्या टेबलाशी उभं राहून वाचायचा, ओठ हलवत. हेडक्लार्क वैतागायचा, "भाऊ, दिवस मावळेल!" वर्षाकाठी एखाद्या वॉरंटवर ते शंका लिहायचे. बऱ्याचदा ती चुकीची निघायची. साहेब तरी ती वाचायचे आणि खाली दोन ओळी उत्तर लिहायचे. हे उत्तर लिहिणं आमच्या कोर्टात आधी नव्हतं.

मी निवृत्त व्हायच्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी भाऊ तरातरा आले, एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. आतून वकिलाची नोटीस निघाली. ताईंनी पाठवलेली. खालच्या मजल्याच्या सांडपाण्याच्या पाइपमुळे सामाईक भिंतीला ओल येते, दुरुस्ती करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. पाठवणार: घराच्या सहमालक.

"एका घरात राहता आणि नोटीस?" मी म्हटलं. "जिन्यातून हाक मारून सांगता आलं नसतं त्यांना?"

"मारली होती. तीन महिने मारत होती. मी म्हणायचो, बघू." भाऊ खुर्चीवर बसले, लगेच उठले. "बाई, पाइप तर मी आजच बदलतो. पण नोटिशीला उत्तरही द्यावं लागेल ना? काय लिहायचं? ओल आहे, कबूल. पण ओल सगळी पाइपची नाही, काही तिच्या वरच्या मोरीची आहे. तेही लिहा. सहमालक म्हणून लिहा, बहीण म्हणून नको."

मी मशीनमध्ये कागद सरकवला. भाऊ दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.